दादाच्या आवाजाची तार

बाबा, शनिवारी शाळा अर्ध्या दिवसाची असायची आणि तुम्ही मला भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे यार्डाच्या कडेला असलेल्या पत्र्याच्या खोलीत फोनपाशी बसवून जायचात. फोन काळा, जड, बाजूला हँडल असलेला. "घंटी वाजली का उचलजो, अन् मी बस म्हणेपर्यंत बोलत राहाजो," एवढं सांगून तुम्ही हत्यारांचा झोळा खांद्याला अडकवून रुळांपलीकडच्या केबिनकडे निघायचात. रेल्वेच्या टेलिफोनच्या तारा दुरुस्त करायच्या, हे तुमचं काम. खिडकीतून तुमची पाठ दिसते आहे. ती मालगाडीच्या डब्यांमागे जाते, पुन्हा दिसते, लहान होत जाते. मग घंटी वाजते. काय बोलावं ते मला सुचत नाही, म्हणून मी दप्तरातून इंग्रजीचं पुस्तक काढते आणि कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी शिकवल्याप्रमाणे, प्रत्येक स्वल्पविरामाला श्वास घेत, मोठ्यानं धडा वाचायला लागते.

"थांब माय, थांब," तुमचा आवाज येतो. "कावून चिल्लावून राहिली? तार बहिरी नाही. अन् हे काय वाचून राहिली?"

"इंग्लिशचा धडा, बाबा."

"मले इंग्रजी कुठं समजते? मधातला एखादा शब्द गळला, तर तो गळला हे मले कसं समजन? वाचू नोको. बोल."

"काय बोलू?"

"आईनं भाजी कायची केली आज?"

"वांग्याची."

"मंग जेवली का उपाशीच हायेस?"

उपाशीच होते. ते तुम्हाला बरोबर कळलं. मग मी बोलायला लागायची. आईनं मला वांगं खाल्ल्याशिवाय उठू न देणं, मग मी फोडी ताटाखाली लपवणं, दादानं ते पाहून चुगली करणं, सगळं. मधेच आठवायला थांबायची, पुन्हा सुरू करायची. पलीकडे तुम्ही काहीच बोलत नसायचात. मी घाबरून विचारायची, "बाबा, आहात का?" आणि तुम्ही म्हणायचात, "हाय नं. तू बोल. मी नुसता ऐकून राहिलो."

घरात तुम्ही फार बोलत नव्हता. रेल्वे क्वार्टरच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मान खाली घालून जेवायचात, आईनं काही विचारलं तर हूं म्हणायचात. शाळेतलं, मैत्रिणींचं, सिस्टरच्या रागाचं जे काही मी तुम्हाला सांगितलं, ते सगळं त्या तारेवरून. लहानपणी मला वाटायचं की खरे बाबा फोनमध्ये राहतात आणि संध्याकाळी घरी येतो तो त्यांचा थकलेला भाऊ.

पुढे मी इंजिनिअर झाले, बंगलोरला नोकरीला लागले. जाताना तुम्ही तुमची लाल मुठीची पक्कड माझ्या बॅगेत ठेवलीत. आई म्हणाली, "पोरगी काम्प्युटरवर बसणार, तिले पक्कड कायले?" तुम्ही म्हणालात, "राहू दे. कामात येते." सुट्टीत आले की तुम्ही विचारायचात, दिवसभर तू करते काय? मी म्हणायची, कॉम्प्युटरचं काम. तुम्ही हूं म्हणायचात. ते उत्तर अर्धवट होतं हे तुम्हाला कळत असणार. आज नीट सांगते. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, पण माझं काम तुमच्याच कामासारखं होतं, हे मला आत्ता, निवृत्त होऊन भिलाईला एकटी परत आल्यावर, दादाच्या घरात वरच्या खोलीत राहायला लागल्यावर कळलं.

कोणत्याही कॉम्प्युटरच्या आत सगळ्यांत खाली एक कारभारी असतो. त्याला कर्नेल म्हणतात. की-बोर्डवर बोट पडलं ते कुणाला सांगायचं, आवाजाला केव्हा जागा द्यायची, वीज कुणाची बंद करायची, हे सगळं तो ठरवतो. तो चालू असतो तोवर कुणाला त्याची आठवण येत नाही. तो अडकला की सगळंच अडकतं. पडदा असला तरी काळा पडतो, कारण पडद्यावर लिहिणाराही तोच. अशा वेळी एकच रस्ता उरतो. मशीनच्या पोटातून तीन बारीक तारा बाहेर काढायच्या: एक त्यानं बोलायची, एक त्यानं ऐकायची, एक जमिनीची. दुसऱ्या टोकाला आपलं मशीन. मग आतला कारभारी एकेक अक्षर, एकामागून एक, त्या तारेवरून पाठवतो. याला सीरियल लाइन म्हणतात. माझी सगळी नोकरी या तारेच्या एका टोकाला बसून गेली. तुमच्या यार्डातल्या फोनहून ती काही फार पुढची गोष्ट नाही.

आता दादाचं सांगते. घाबरू नका, तो बरा आहे. मालगाडीचा गार्ड म्हणून निवृत्त झाल्यावर त्याच्या घशाला आजार झाला आणि रायपूरला ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. दादाचा आवाज, बाबा! क्वार्टरच्या दारात उभा राहून त्यानं हाक मारली की यार्डातले कावळे उडायचे. मोबाईलवर टाइप केलं की मोबाईल बोलतो, ते सगळं करून पाहिलं. पण त्याची जाड बोटं काचेवर घसरायची, आणि 'मले' लिहिलं की तो आपोआप 'मला' करायचा. दादानं मोबाईल गादीवर फेकला आणि पाटीवर लिहिलं, "हा पुण्याचा हाय."

म्हणून मी डबा केला. आईच्या फोडणीच्या डब्याएवढा. वर खऱ्या, दाबल्यावर टकटक करणाऱ्या कळा, खाली स्पीकर, आत हाताच्या पंजाहून लहान एक बोर्ड. पडदा नाही. लिहिलं तसं बोलायचं, काही सुधारायचं नाही. दादानं पहिलं वाक्य लिहिलं ते वहिनीसाठी. "चाय मांडते का?" वहिनी पदर डोळ्यांना लावून उठली आणि जाता जाता म्हणाली, "बापा! आवाज आला तर पयले चायच आठवली." मग भांडणंही डब्यावरून सुरू झाली. वहिनी म्हणायची, "ह्यांचं बटन दाबून होईपर्यंत माही भाजी शिजून जाते, अन् मंग मीच इसरते का कायच्यावर भांडून राहिलो."

असं छान चाललं होतं आणि डबा अडकायला लागला. रोज नाही. केव्हातरी. अडकला की शेवटच्या शब्दाचा एक तुकडा तोच तोच वाजत राहायचा. भाचीचं, म्हणजे दादाच्या मुलीचं, लग्न ठरलं होतं, आणि साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, कुर्त्याचं कापड घ्यायला दादा सिविक सेंटरच्या बाजारात गेला. सोबत मी होते. दुकानदाराला त्याला विचारायचं होतं, भैया, यात निळा आहे का. त्यानं 'भैया' लिहिलं, वाजवलं, कापडाच्या ताग्यांकडे बघत जरा थांबला, पुढची कळ दाबली आणि डबा अडकला. भै-भै-भै-भै. थांबेचना. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. एका पोरानं बकरीसारखं तोंड करून दाखवलं, त्याच्या आईनं त्याला दटावलं. दादानं डबा शर्टात खुपसला, दोन्ही हातांनी पोटाशी आवळला आणि बाहेर पडला. पोटातून भै-भै चालूच. बॅटरी काढेपर्यंत तो माझ्याकडे बघत नव्हता.

घरी येऊन त्यानं डबा फ्रिजवर ठेवला आणि पुन्हा पाटी घेतली. आपल्या घरात साक्षगंधाला मुलीच्या बापानं उभं राहून आपल्या एकेका माणसाची ओळख करून द्यायची रीत आहे. आत्याच्या वेळी आजोबांनी केली होती, माझ्या वेळी तुम्ही केलीत आणि आयुष्यात पहिल्यांदा इतकं बोललात. दादानं पाटीवर लिहिलं, "मामा बोलन." वहिनी म्हणाली, "माहा भाऊ बोलन, पण त्याले माइक दिला तर तो पंगत उठेपर्यंत सोडत नाही." दादा हसलाही नाही. रात्री जेवणात भाचीनं ताट बाजूला सरकवलं. "आत्या, पप्पा नहीं बोलेंगे तो मैं बैठूँगी ही नहीं. सांगून ठेवते. मामा माझी ओळख करून देतील का? मामाला मी कोणत्या शाळेत होते ते पण माहीत नाही." दादा पाटी पुसत राहिला.

मी डबा फ्रिजवरून उतरवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावर बसले. एका बाजूला वहिनी मटार सोलते आहे, दुसऱ्या बाजूला माझा लॅपटॉप, मध्ये डबा पोट उघडून. तुमची पक्कड कामात आली, बाबा. तारा लावल्या आणि काहीच येईना. बराच वेळ बसल्यावर लक्षात आलं की मी त्याची बोलायची तार माझ्या बोलायच्या तारेला लावली होती. तोंडाला तोंड, कानाला कान. इतकी वर्षं हेच काम केलं आणि अजून पहिल्यांदा हेच चुकतं. तारांची अदलाबदल केली आणि अक्षरं यायला लागली. मी कर्नेलला सांगून ठेवलं होतं की तू जे जे करशील ते बोलत राहा. तोही बोलत राहिला: कळ दाबली, आवाज उघडला, वीज दिली, आवाज बंद केला. मी पानंच्या पानं मजकूर त्याच्याकडून वाचून घेतला. एकदाही अडकला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तारा काढून दादाच्या हातात दिला की संध्याकाळच्या आत भै-भै.

"तुमच्यासमोर शहाणा होते," वहिनी म्हणाली. "आमच्या पोट्ट्यायसारखा. पाहुणे आले का हात जोडते."

मला हसू आलं आणि हसता हसता तुमची आठवण आली. पावसाळ्यात केबिनच्या लाइनीत खरखर यायची आणि तुम्ही फोन उचलून बोलायला लागलात की गायब व्हायची. तुम्ही आईला सांगत होता, मी दारात उभी होते. आपला फोन लाइनीवर चढवला का त्याचाच भार पडते, अन् दोष दबून जाते. म्हणून आपण लाइनीवर चढायचं नाही. बाजूनं कान लावायचा, अन् लाइनीले तिचं बोलू द्यायचं.

मी तेच करत नव्हते. सीरियल तार फार सावकाश बोलते. कर्नेलला प्रत्येक गोष्ट बोलून दाखवायला लावलं की त्याची चाल मंदावते, आणि ज्या दोन गोष्टी एकमेकींवर आदळायच्या, त्या आदळायच्याच नाहीत. मी ऐकत होते त्या ऐकण्याचाच भार पडत होता. मग मी त्याला सांगितलं, काम करताना काही बोलू नकोस, मनात ठेव. अडकलास की मी विचारीन, तेव्हा सांग. पुन्हा मजकूर वाजवायला बसले, आणि तरीही तो अडकेना. तेव्हा कुठे तुमचं दुसरं बोलणं आठवलं. वाचू नोको. बोल.

मी त्याला छापील धडे देत होते. न थांबता, एका लयीत. असं कोण बोलतं?

"दादा," मी हाक मारली. तो पडवीत पेपर वाचत होता. "इथे बस आणि मला काहीतरी सांग."

त्यानं पाटी उचलली. मी ती काढून घेतली आणि डबा पुढे सरकवला, तारांसकट. त्यानं मान हलवली. नाही.

"अडकू दे," मी म्हटलं. "मला तो अडकायलाच हवा आहे. तू नुसता बोल."

"काय बोलू?" डबा म्हणाला.

"आईनं वांग्याची भाजी केली होती, तेव्हा तू चुगली का केलीस ते सांग."

दादाचे डोळे हसले. त्यानं लिहायला सुरुवात केली. "चुगली नाही केली. तू फोडी ताटाखाली लपवल्या, त्या मुंग्यायनं बाहेर आणल्या. मी फक्त आईले मुंग्या दाखवल्या. अन् मंग—" मग तो थांबला. खिडकीबाहेर बघत राहिला, बहुतेक क्वार्टरचं अंगण आठवत असावा. पुन्हा बोट कळेवर ठेवलं. आणि मं-मं-मं-मं.

"आला!" मी ओरडले. वहिनीच्या हातातले मटार सांडले. दादा दचकून डबा बंद करायला गेला, मी त्याचा हात धरला. लॅपटॉपवरून तारेत एक हाक दिली, आणि आतून कर्नेलनं उत्तर दिलं. बाकी सगळं गोंधळलेलं असतानाही तो तिथे होता. मी एकेक प्रश्न विचारत गेले, तो एकेक ओळ सांगत गेला, कोण कुठे उभा आहे आणि कुणाची वाट बघतो आहे.

बाबा, झालं होतं असं. बॅटरी वाचावी म्हणून मीच सोय केली होती की काही वेळ आवाज नसला की स्पीकर झोपवायचा. दादा बोलता बोलता थांबला की आतला झोपवणारा निघायचा. विजेची किल्ली घ्यायचा आणि आवाजाच्या किल्लीसाठी थांबायचा. नेमकं त्याच क्षणी दादानं कळ दाबली की बोलवणारा निघायचा. त्याच्या हातात आवाजाची किल्ली, आणि तो विजेच्या किल्लीसाठी थांबायचा. एकेरी मार्गावर दोन्हीकडून गाड्या सोडाव्यात तसे दोघं समोरासमोर उभे, मागे कुणीच हटणार नाही, आणि स्पीकरमध्ये उरलेला तुकडा तोच तोच वाजत राहणार. तुमच्या रेल्वेनं यावर फार पूर्वीच उपाय काढला होता. टोकन एकच, ज्याच्या हाती ते, त्याचीच गाडी. मी दोघांनाही एकच क्रम लावून दिला. आधी वीज, मग आवाज, आणि विजेची किल्ली मिळाली नाही तर दुसरीला हात लावायचा नाही. आणि झोपवण्याची घाईही काढून टाकली. थांबलेल्या माणसाचं बोलणं संपलं असं मी मशीनला शिकवलं होतं. माझ्या दादाबद्दल असं शिकवलं होतं!

मग दादाला पुन्हा बोलायला बसवलं. त्यानं मुंग्यांची गोष्ट पुरी केली, गार्डच्या डब्यात शिरलेल्या माकडाची सांगितली, वहिनीला पाहायला गेला तेव्हा तिनं चहात मीठ घातलं होतं तीही सांगितली. "साखर संपली होती," वहिनी म्हणाली. "झूट," डबा म्हणाला. मुद्दाम थांबत, मुद्दाम रेंगाळत तो बोलत राहिला, आणि डबा एकदाही अडकला नाही. अंधार पडला तरी तो उठला नाही. पाटी टेबलाखाली पडली होती, ती कुणी उचलली नाही.

साक्षगंधाला दादा निळा कुर्ता घालून उभा राहिला. टकटक कळा वाजल्या. "नमस्कार. आवाज बहिणीनं बनवून दिला हाय, पण बोलून मीच राहिलो." मग एकेकाची ओळख. वहिनीबद्दल म्हणाला, "हिची चाय पिऊनच पसंती दिली, ते धाडस समजा." माझ्यापाशी आला. "ही माही लहान बहीण. लहानपणी हिले आमचे बाबा यार्डातल्या फोनवर बोलाले बसवत. मले कधीच नाही बसवलं."

आणि थांबला.

किती वेळ थांबला, बाबा! भाचीनं माझा हात घट्ट धरला. मामा माइककडे हात करून पुढे आले. दादानं तळवा उंच केला, गार्डच्या थाटात, आणि मामा जागच्या जागी उभे राहिले. मग त्यानं सावकाश लिहिलं.

"कारण माहा आवाज फोनशिवायच यार्डात पोचे."

हॉल हसून हसून पडला. नवऱ्या मुलाचे वडील तर टाळी द्यायला उठले. मग दादा मुलीकडे वळला, तिच्या शाळेचं सांगितलं, ती सायकलवरून कुठे पडली होती ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "हे माहे लेकरू. तुमच्या घरी कधी बोलता बोलता थांबलं, तर वाट पाहाजा." भाची रडत होती आणि हसत होती. मीही.

आता हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या झोळ्यातच ठेवते. माझ्यामागे ज्याच्या हाती लागेल, त्यानं असं करावं. लाल मुठीची पक्कड भाचीला द्यावी. तिला मिक्सर उघडून बसायची खोड आहे, सासरी लागेल. बोलण्याच्या डब्याची दुसरी प्रत माझ्या कपाटात खालच्या खणात आहे, ती वहिनीनं सांभाळावी, पहिली बिघडली तर एक दिवससुद्धा दादाला पाटी घ्यावी लागू नये. डबा कसा करायचा त्याचं सगळं रायपूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालेल्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंना द्यावं, त्यांनी हवं त्याला फुकट वाटावं. माझी कोशाची रेशमी साडी वहिनीला. साक्षगंधात मी ती नेसले होते, तेव्हा बोलता बोलता वहिनी सारखी पदराला हात लावून बघत होती. आणि इंग्रजीचं पुस्तक अजून जपलं आहे, ते कुणालाही द्या. त्यातलं मोठ्यानं काही वाचू नका, एवढंच.

तीन तारांची ती केबल मात्र तूर्त कुणाला देऊ नका. ती अजून लावलेली आहे. संध्याकाळी दादा डबा चार्जिंगला लावून पडवीत बसतो, तेव्हा चार्जरच्या तारेबरोबर ही केबलही लागते आणि खिडकीतून वर माझ्या खोलीत येते. तपासणी चालू आहे, असं मी त्याला सांगितलं आहे. तो खाली काय बोलतो ते मला दिसत नाही. कर्नेलला मी दोनच गोष्टी सांगायची मुभा दिली आहे, तेवढ्याच येतात. आवाज सुरू. आवाज बंद. मधे कधी कधी बराच वेळ काही येत नाही, मग पुन्हा, आवाज सुरू. बाबा, तपासणी केव्हाच संपली. मी नुसती ऐकून राहिली.